मदत हवी आहे: वर्म गिअरबॉक्सचं ब्राँझ चाक झपाट्यानं झिजतंय

नमस्कार मंडळी, सांगलीत हळद पॉलिश करायचं आमचं छोटं युनिट आहे. ड्रम फिरवायला ५० ला १ चा वर्म गिअरबॉक्स (स्क्रूसारखा वर्म ब्राँझचं दातेरी चाक फिरवतो तो) लावलाय, मोटर १४४० आरपीएमची म्हणजे ड्रम साधारण २९ ने फिरतो. परवा तेल काढलं तर त्यात सोनेरी चमक, बोटांत चोळलं तर अगदी बारीक वाळू लागावी तसं, आणि फॉस्फर ब्राँझच्या चाकाचे दात एका बाजूनं धारेसारखे पातळ झालेत. बॉक्सवर हात टेकवत नाही इतका तापतो.

मी वाचलंय ते असं की वर्ममध्ये दात घसरत चालतात, म्हणून सिंगल स्टार्ट (एकाच आट्याच्या) वर्मचा लीड अँगल (आट्याचा तिरकेपणा) ४ अंश नि घर्षणांक ०.०५ धरला तरी एफिशियन्सी ५८ टक्क्यांच्या आसपासच येते, बाकी सगळी उष्णता, आणि हेलिकलची (तिरक्या दातांच्या गिअरची) एक जोडी सहज ९८ देते. आता मला शंका तेलाची आहे, दुकानातून मिळालेलं सल्फरवालं ईपी (जास्त दाब सोसणारं) तेल गेले वर्षभर वापरतोय आणि असलं तेल गरम झालं की ब्राँझला खातं म्हणतात.

तर व्हीजी ४६० (तेलाच्या जाडपणाचा ग्रेड) चं सिंथेटिक तेल टाकून नवं चाक बसवू, की सरळ हेलिकल बेव्हल गिअरबॉक्स घेऊ? आणि जागेवरच एफिशियन्सी मोजायची तर मोटरची पॉवर मीटरवर कळेल हो, पण ड्रमच्या शाफ्टवरचा टॉर्क (फिरवायचा जोर) कसा काढायचा, रोप ब्रेक (दोर गुंडाळून ताणावरून टॉर्क मोजायचा) कुणी लावलाय का? हंगाम चालू आहे, प्लीज लवकर सांगा.