गोटी सेट घ्यावा की इम्पॅक्ट गन? घरच्या घरी गाडी दुरुस्त करणाऱ्यांनो, अनुभव लिहा

धागाकर्ता, पुणे
गेल्या महिन्यात साताऱ्याकडे जाताना स्विफ्टचं मागचं चाक बसलं. आधी कुणीतरी हवेच्या गनने नट असे आवळून ठेवले होते की गाडीबरोबर आलेला एल पानाच वाकला. मी पान्यावर उभा राहून उड्या मारतोय आणि बायको सावलीत उभी राहून बघतेय, असा अर्धा तास गेला. शेवटी एका ट्रकवाल्या मामांनी पाइपचा तुकडा पान्याच्या दांड्यावर चढवून एका झटक्यात नट सोडवला.
आता हत्यारं घ्यायची आहेत, गोट्यांचा सेट (नटावर टोपीसारखे बसणारे सॉकेट) की गन, ते ठरत नाहीये. ऑइल, प्लग, ब्रेक पॅड, चाकं, एवढीच कामं. दुकानदार बॅटरीवरची इम्पॅक्ट गन (ठोके देत नट फिरवणारी) दाखवून हजार न्यूटन मीटरच्या (नट फिरवायच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप) गोष्टी सांगतोय. ज्यांनी यात पैसे घातलेत (आणि घालवलेत) त्यांनी सविस्तर लिहा.

नाशिक
तो हजारचा आकडा नट सोडवतानाचा असतो, आवळतानाचा नाही. मारुतीच्या छोट्या गाड्यांचे चाकाचे नट साधारण ८५ ते १०० न्यूटन मीटरला आवळतात, पक्का आकडा मॅन्युअलमध्ये बघा. साठ सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकावर तीस किलो भार टाकलात की पावणेदोनशे होतात. म्हणजे तुम्हाला गन नाही, ब्रेकर बार (गोटी लावून नट सोडवायचा लांब दांडा) आणि १९ एमएमची चांगली गोटी हवी होती.
माझी चूक वेगळी. मी हौसेने अर्धा इंची तापारियाचा सेट घेतला (आमच्या नाशकात बनतो, अभिमान नको का!) आणि त्यानेच सगळं करायला गेलो. इंजिनाच्या वरच्या झाकणाचे बोल्ट सहा एमएमचे, डोकं १० चं. त्यांना दहाएक न्यूटन मीटर पुरतात. एवढ्या लांब रॅचेटवर हाताला काही कळतच नाही. ‘अजून थोडं’ म्हटलं आणि बोल्टचं डोकं गोटीसकट हातात. उरलेला तुकडा काढायला लेथवाल्याकडे दोन फेऱ्या झाल्या. बॉनेटखालच्या कामाला तीन सुती (३/८ इंची) सेटच घ्या. अर्धा इंची फक्त चाकं आणि सस्पेन्शनसाठी.

रत्नागिरी
आमच्याकडे खारी हवा, त्यामुळे खालचा प्रत्येक बोल्ट गंजलेला. एकच सांगतो, सहा कोनांची गोटी घ्या. सेटमध्ये बहुतेक वेळा बारा कोनांच्या येतात. त्या पटकन बसतात म्हणून छान वाटतात, पण जोर येतो तो बोल्टच्या कडांवरच. ब्रेकच्या कॅलिपरचा बोल्ट असाच गोल केला मी. मग एक नंबर लहान गोटी हातोडीने ठोकून बसवली, रस्टोलीन (गंज सोडवायचा स्प्रे) मारून रात्रभर ठेवला, सकाळी सुटला. गोटी बोल्टमधून काढायला मात्र बोल्टापेक्षा जास्त वेळ लागला.

डोंबिवली
गन घेतलीत तर तिच्या काळ्या गोट्याही घ्या, कंजूषपणा नको. मी केला होता. चकचकीत क्रोमची गोटी गनला लावली, चौथ्या नटाला फटकन तडकली आणि तुकडा दाराला पोचा पाडून गेला. डोळ्याला लागला असता तर? चकचकीत गोटी क्रोम व्हॅनेडियमची, कडक, हाताच्या सावकाश जोरासाठी. गनमध्ये आतला हातोडा मिनिटाला हजारो ठोके देतो, त्याला क्रोम मॉलिब्डेनमची जाड भिंतीची काळी गोटी लागते, ती थोडी लवचीक असते. चष्मा घालाच.
आणि गनची बॅटरी १८ व्होल्टची की २० व्होल्टची यावर डोकं घालवू नका. आत तेच पाच सेल. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येकी चार धरले की वीस, चालताना ३.६ धरले की अठरा.

ठाणे
सगळे दादालोक ‘गन कशाला’ म्हणतायत म्हणून लिहिते. माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. ब्रेकर बारवर लटकणं मला जमत नाही. आय टेनचे २१ चे नट मी गननेच काढते. ठोक्यांमुळे नट फिरतो, मनगटाला झटका फारसा बसत नाही. बसवताना नट आधी बोटांनी तीन-चार आटे फिरवते, मग गाडी खाली घेऊन टॉर्क पान्याने (लावलेल्या मापाला पोचला की क्लिक करतो) आवळते. तिथे फार जोर लागत नाही, पाना लांब असतो. जॅकवरच्या गाडीखाली मात्र घोडी (जॅक स्टँड) लावल्याशिवाय हात घालत नाही. घोडी आधी घ्या, गन मग.

मॉन्ट्रियल
इथे क्विबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे. दोन गाड्या, आठ चाकं, प्रत्येकी पाच नट. चाळीस काढायचे, चाळीस बसवायचे, वर्षातून दोनदा, त्यातली एक खेप नोव्हेंबरच्या गारठ्यात बोटं बधिर झालेली असताना. गनचे पैसे पहिल्याच वर्षी वसूल. बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्याच्या गंजामुळे नट सुटला तरी चाक हबला (चाक जिथे बसतं तो मधला भाग) चिकटून बसतं. टायरला मागून लाथा घालाव्या लागतात. हब तारेच्या ब्रशने घासून मगच दुसरं चाक चढवतो. शंभरेक किलोमीटरनंतर टॉर्क परत तपासतो.

कोल्हापूर
वडिलांचं उद्यमनगरात गॅरेज, मी तिथंच वाढलो. भावा, टॉर्क पान्यानं नट सोडवू नकोस, त्याचं माप बिघडतं. काम झालं की स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेव. आणि रत्नागिरीकर, चाकाच्या आट्यांवर तेल राहू देऊ नका. तेलकट आट्यावर त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातोय.
आबा अजून हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरतात, बॅटरी नाही, काही नाही. मागं हातोडीचा दणका दिला की बिट स्क्रूत दाबून बसतंय आणि त्याच दणक्यात थोडं फिरतंय, म्हणून खाच झिजत नाही. मोटारसायकलच्या केसिंगच्या स्क्रूंना त्याच्यासारखं हत्यार नाही. गन बघून म्हणाले, “आवाज लई करतंय.”

धागाकर्ता, पुणे
ब्रेकर बार, १९ ची सहा कोनी काळी गोटी आणि टॉर्क पाना आणला. गन तूर्त थांबवली. चारही चाकांचे नट एकेक करून सैल केले आणि मापाने परत आवळले. तीन चाकांचे बायकोने, बारवर एक हात ठेवून, माझ्याकडे बघत. पुढच्या डाव्या चाकाचा एक मात्र सुटत नाही. रस्टोलीन मारून ठेवलंय, सकाळी बघतो. हो कोल्हापूरकर, पुसून घेतो.