लग्न लावणाऱ्यांची आचारसंहिता: ‘नाही’ कधी म्हणता येतं?

अनुस्वार
लग्न लावणाऱ्यांच्या एका गटासाठी आचारसंहिता लिहायला घेतली आहे. ‘आम्ही भेदभाव करत नाही’ हे वाक्य झालं, पण त्यातून काहीच ठरत नाही. नकार कुठला रास्त आणि कुठला नाही? धर्मविधी करणारे आणि सरकारी निबंधक, दोघांना एकच नियम चालेल का? संमतीची खात्री कशी करायची?

तिरकस
एकच नियम चालणार नाही. निबंधक सरकारच्या वतीने सही करतो. लंडनमधल्या इझ्लिंग्टनच्या एका निबंधक बाईंनी समलिंगी जोडप्यांची नोंदणी करायला नकार दिला होता. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा २०१३चा निकाल त्यांच्या विरोधात गेला. उलट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं, की धर्मगुरूंवर त्यांच्या श्रद्धेविरुद्ध लग्न लावायची सक्ती करता येत नाही. पैसे घेऊन निधर्मी समारंभ करणारे तिसरेच. त्यांना श्रद्धेची ढाल सहसा मिळत नाही.

नकाराची कसोटी सोपी आहे. तीच तारीख, तीच जागा, फक्त जोडपं दुसरं असतं तर हो म्हटलं असतं का? म्हटलं असतं, तर नकार माणसांना आहे. तोंडावर कोणी तसं बोलत नाही, ‘त्या दिवशी मोकळा नाही’ म्हणतात. म्हणून चौकशीच्या अर्जात आधी फक्त तारीख, जागा आणि भाषा विचारा, नावं नंतर. ‘वर’ आणि ‘वधू’ असे रकाने ठेवू नका. प्रत्येक चौकशीची तारीख, दिलेलं उत्तर आणि कारण वहीत टिपा. दरपत्रक सगळ्यांना एकच. जादा आकार फक्त प्रवासाचा किंवा वाढीव तालमीचा. अवाच्या सवा पैसे सांगून पिटाळणं हाही नकारच.

अवांतर: १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं लग्नाच्या हक्काचं कलम १६ जसंच्या तसं उचलू नका. त्यात भेदभावाची कारणं म्हणून वंश, राष्ट्रीयत्व, धर्म एवढंच आहे. अपंगत्व, लैंगिकता, जात तुम्हालाच लिहावी लागेल.

शाईचा_डाग
संमतीबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या १९६२च्या विवाहसंमतीच्या करारानुसार दोघांनी स्वतः, अधिकारी आणि साक्षीदारांसमोर संमती द्यायची असते. पण भरल्या मांडवात मिळालेला होकार म्हणजे खात्री नव्हे. काही आठवडे आधी दोघांना वेगवेगळं भेटा, प्रत्येकी वीसेक मिनिटं. ‘तयार आहेस ना?’ विचारू नका, त्याला ‘हो’च येतं. ‘हे लग्न कसं ठरलं? पुढे ढकललं तर घरी काय होईल?’ असं विचारा. वयाचा मूळ दाखला पाहा.

दुभाषा नातेवाईक नको. दबाव टाकणाराच बऱ्याचदा भाषांतराला बसतो. कर्णबधिर व्यक्तीसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषा घ्या, आणि बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं धरून चालू नका.

संशय आला तर घरच्यांसमोर वाच्यता नको, तिथेच जिवावर बेततं. ‘कागद अपुरे आहेत’ म्हणून थांबवा आणि त्या व्यक्तीला एकटं गाठून मदत कुठे मिळेल ते सांगा.

अनुस्वार
अर्जाचा क्रम आजच बदलतो. ज्यांना आंतरधर्मीय विधी करायचा नाही, त्यांनी काय करावं?

तिरकस
कोणते विधी करतो ते जाहिरातीतच लिहावं, म्हणजे जोडप्याला हेलपाटा पडत नाही. तरीही कोणी आलंच, तर दोन दिवसांत स्पष्ट उत्तर आणि दोन पर्यायी नावं द्यावीत. ती नावं ज्यांची, त्यांना आधी विचारून घ्यावं, नाहीतर जोडप्याला दुसऱ्यांदा नकार ऐकावा लागतो. कारण एका वाक्यात सांगावं, प्रवचन नको. आणि आगाऊ रक्कम घेतली असेल तर पूर्ण परत.