मदत हवी आहे: 'बाग-ए-वफा'च्या चित्रातली चौकटींची पाटी

बाबरनाम्यातलं (मुघल बादशहा बाबराच्या आत्मचरित्रातलं), साधारण 1590 चं, बिशनदास आणि नन्हा यांनी केलेलं चित्र पाहतेय (मूळ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये). बाबर उभा राहून 'बाग-ए-वफा' (निष्ठेची बाग) आखून घेतोय, माळी दोरी धरून मोजतायत, एकाच्या हातात चौकटी आखलेली पाटी. चारबाग (चार भागांत विभागलेली बाग) म्हणजे स्वर्गाची प्रतिमा, हे वाचून झालंय. कृपया तेच परत नको. मला ते अर्धवटच वाटतं, कारण इथे नजर फुलांपेक्षा मोजमापावर जास्त जाते. चित्र अकबराच्या दरबारातलं, बाबराच्या मृत्यूनंतर साठेक वर्षांनी केलेलं. फारसी येत नाही, मराठी-हिंदी-इंग्रजी चालेल. तर ती पाटी म्हणजे बागेचा नुसता नकाशा, की अकबरकाळातल्या शिस्तबद्ध राज्यकारभाराची खूण म्हणूनही वाचता येईल?