जुन्या घराचे वायरिंग: ‘पॉइंट’चा दर की ठोक रक्कम?

प्रश्न (रामबाग, इंदूर): वडिलोपार्जित घराचे वायरिंग बदलायचे आहे. एका मिस्त्रींनी पॉइंटप्रमाणे दर सांगितला, दुसऱ्यांनी ठोक रक्कम. तुलना कशी करावी?

उत्तर १: पॉइंटमध्ये काय धरले आहे, हे आधी लिहून घ्यावे. दिवा किंवा पंखा, त्याचे बटण आणि तिथपर्यंतची वायर मिळून बहुधा एक पॉइंट होतो. बोर्डावरचे सॉकेट काही जण अर्धा पॉइंट धरतात, आणि मुख्य वायर वेगळी, लांबीच्या मीटरवर मोजतात. एसीचा पॉइंट महाग असणारच, कारण दिव्याला १.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते, तर एसीला सहसा ४ ची स्वतंत्र ओढावी लागते. दर नुसत्या मजुरीचा आहे की सामानासह, तेही विचारावे.

उत्तर २: मी हेच काम करतो. चुन्याच्या भिंतीत झिरी मारताना गिलावा हातभर निखळतो, आणि तो भरून देणे कोणाकडे, हे न ठरल्यामुळेच पुढे वाद होतात. आत काय निघेल हे आधी कळत नसल्याने दुरुस्ती मी रोजावर घेतो, नवे काम पॉइंटवर. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) मात्र पैसे वाचवण्यासाठी कृपया गाळू नका.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. ठोक रकमेत गिलावा धरलेलाच नव्हता. उद्या दोघांकडून लेखी मागवतो.