घरच्या कॉम्प्युटरला डीव्हीडी रायटर घ्यायचाय, आतला की बाहेरचा?

खानापूरवाला:
नमस्कार मंडळी. आमच्या भजनी मंडळाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर घेतल्यात, आता त्याच्या डीव्हीडी करून म्हाताऱ्या माणसांना द्यायच्यात, त्यांना टीव्हीखालचा प्लेअरच तेवढा चालवता येतोय. रायटर शोधूलालोय. डेस्कटॉप असेंबल केलेला, कॅबिनेट नवीन, पुढं सगळी काच. बजेट दोन हजार. ब्लू-रे घेऊ काय? खडे बाजारात बघू की ऑनलाइन मागवू?

शहापूरकर:
ब्लू-रे नको, त्याची डिस्क डीव्हीडी प्लेअर वाचतच नाही. आणि काचेच्या कॅबिनेटला सव्वापाच इंचाचा खण बहुतेक नसतोच, मग आतला बसवणार कुठं? बाहेरचा स्लिम यूएसबीवाला घ्या, एलजी नाहीतर आसुस. अडॅप्टर लागत नाही, यूएसबीवरनंच करंट घेतोय, म्हणून मागच्या पोर्टला थेट लावा, हबला लावला आणि करंट कमी पडला की बर्न मधेच अडकतंय, डिस्क वाया. दुकानात घेतलात तर तिथंच एक डिस्क घालून चालवून बघता येतंय.

निपाणीकर:
पेनड्राइव्ह द्या की सरळ, कशाला एवढा कुटाणा?

खानापूरवाला:
प्लेअरला यूएसबीच नाही ओ, आणि टीव्ही पण जुने डबेवाले.

टिळकवाडी:
रायटर कुठला पण घ्या, खरं काम पुढंच हाय. एमपीफोर फाइल नुसती डिस्कवर कॉपी केली तर जुना प्लेअर ती उचलत नाही, प्लेअरला कळणारा डीव्हीडी व्हिडिओच करावा लागतोय, त्याला डीव्हीडीस्टायलर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतंय, त्यात पाल (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) निवडा. डिस्कच्या डब्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतंय पण विंडोजमध्ये ४.३७ दिसतंय, तेवढंच धरा, चांगल्या क्वालिटीत दोन तासांच्या आत भजन बसवा, जास्त कोंबलं की चित्र फुटतंय. डिस्क डीव्हीडी-आर घ्या, आरडब्ल्यू (पुसून परत लिहायची) नको, जुने प्लेअर तिला कुरकुर करतात. स्पीड ४एक्स ठेवा, भरलेली डिस्क पंधराएक मिनिटांत होते, आणि व्हेरिफाय (लिहिलेलं बरोबर आलंय का ते तपासणं) चालू ठेवाच. वर कागदी स्टिकर चिकटवू नका, डिस्क फिरताना डगमगते, मार्करनं नाव लिहा. उन्हात ठेवू नका म्हणून पण सांगा, ज्यावर रेकॉर्डिंग होतंय तो आतला रंग खराब होतोय. आधी एकच डिस्क करून मंडळातल्या सगळ्यात जुन्या प्लेअरवर लावा, ती चालली की मग बाकीच्या.

खानापूरवाला:
लई उपकार झाले. बाहेरचाच घेतो, दुकानात चालवून बघूनच.