मदत हवी आहे : वाक्यातली चूक सापडतच नाही (तलाठी भरती, इंग्रजी)

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. वय २९, घरी कपाशी आणि तूर, आणि चार वर्षांपासून भरतीची तयारी.

२०२३च्या तलाठी भरतीत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते, प्रत्येकी २ गुण. गणित, मराठी, सामान्य ज्ञान जमते. पण 'स्पॉट द एरर' आला की मी आडवा. वाक्याचे तीन तुकडे आणि चौथा पर्याय 'नो एरर'. मला तर सगळंच बरोबर वाटते, म्हणून 'नो एरर' ठोकून मोकळा होतो. मोठ्या भावाला इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० साली ते पहिलीपासून झालं, म्हणून मला पहिलीपासून मिळालं. फरक एवढाच, की त्याच्यापेक्षा चार वर्षं आधी धडकी भरली.

व्याकरणाचे नियम विचाराल तर धडाधड सांगतो. वाक्य समोर आलं की त्यातला कोणता लावायचा तेच सुचत नाही.

म्हणून चुकलेल्या वाक्यांची एक वही केली. रात्रीची लाईन असली की हरभऱ्याच्या ओलितावर मोबाईलच्या उजेडात लिहितो, काही पानांना चिखल आहे. वही चाळली तर बऱ्याच चुका मी घरी बोलतो त्याच वळणाच्या निघाल्या. तुम्हीच पाहा:

'आय ॲम लिव्हिंग हिअर फ्रॉम थ्री इयर्स.' मी बरोबर धरलं. तीन वर्षांपासून म्हणजे फ्रॉमच ना?

'द क्वालिटी ऑफ द सीड्स वेअर पुअर.' हेही मला बरोबर वाटलं.

'इफ इट विल रेन, वी विल सो कॉटन.' यात काय चुकलं?

आणि आमच्याकडे 'समजून राहिलं का', 'दिसून राहिलं' असंच बोलतात. म्हणून 'आय ॲम नोइंग हिम' बिनदिक्कत बरोबर धरलं. बरं, 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' चूक आणि 'आय ॲम हॅविंग ब्रेकफास्ट' बरोबर, हे काहून?

क्लास लावा म्हणू नका. क्लास यवतमाळला, आणि सध्या वेचणी सुरू आहे.

निवृत्त मास्तर, वर्धा

वही केलीत, अर्धं काम झालं. पुस्तक बाजूला ठेवा, वहीच धरा.

'पासून' आपल्याकडे एकच, इंग्रजीत त्याचे दोन होतात. युक्ती सांगतो. 'गेली तीन वर्षं' म्हणता येते? मग फॉर. 'गेली २०२१' म्हणता येत नाही, तिथे सिन्स. पण नुसतं फ्रॉम बदलून भागत नाही, क्रियापदही बदला: 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर थ्री इयर्स'. मराठीत 'राहतो' म्हणून भागते, इंग्रजीत भागत नाही. पेपर काढणाऱ्याला हे पक्कं माहीत असते.

बियाण्याच्या वाक्यात तुमचा कान फसला. आपण 'म्या आंबा खाल्ला', 'म्या भाकर खाल्ली' म्हणतो. क्रियापद कर्माकडे, म्हणजे आंब्याकडे-भाकरीकडे पाहून वळते. इंग्रजीत ते कर्त्याचं ऐकते. म्हणून आधी क्रियापदाखाली रेघ मारा, मग विचारा: पुअर कोण? क्वालिटी. ती एकच, म्हणून 'वॉज'. मधलं 'ऑफ द सीड्स' बोटानं झाकायचं. माझे पोट्टे खरंच बोट ठेवायचे. मात्र 'नीदर द सरपंच नॉर द मेंबर्स' असं आलं तर उलटं: तिथे क्रियापद जवळच्या मेंबर्सचं ऐकते, म्हणून 'वेअर'.

पावसाचं सोपं आहे. 'पाणी येईल तर पेरू' असं तुम्ही म्हणता का? नाही, 'पाणी आलं तर पेरू'. म्हणजे 'तर'च्या आधी भविष्यकाळ आपल्यालाही खटकतो. इंग्रजीत तिथे साधा वर्तमानकाळ: 'इफ इट रेन्स'.

अमरावतीची ताई

'हॅविंग'चं मी सांगते. ब्रेकफास्टमध्ये हॅव म्हणजे खाणं, ती क्रिया आहे, चालू असू शकते. दोन भाऊ 'असणं' ही क्रिया नाही, म्हणून 'आय हॅव टू ब्रदर्स'. नो (माहीत असणं), बिलाँग, ओन यांचंही तसंच. तुमच्या बोलीत 'राहिलं' कुठेही चिकटते, इंग्रजीत आयएनजी तसं चिकटत नाही.

आणि अ, ॲन वर फुकटचे मार्क आहेत, ते सोडू नका. शब्द देवनागरीत लिहून पाहा. युनिव्हर्सिटी 'य' या व्यंजनाने सुरू होते, म्हणून 'अ'. अवर (तास) 'अ' या स्वराने, म्हणून 'ॲन'. एमएलए 'ए'ने, म्हणून 'ॲन एमएलए'. स्पेलिंग बघाल तर फसाल. आपली बाराखडी इथे लय कामाची.

मूळ धागाकर्ता

मास्तर, ताई, दोघांचेही आभार. काल बोटानं झाकून जुन्या पेपरातली वीस वाक्यं सोडवली, चौदा बरोबर आली. आधी सात-आठ यायची. बाराखडीची युक्ती तर बाजूच्या दोन पोट्ट्यांनाही सांगितली, ते पोलीस भरतीचं करतात.

उरलेल्या सहापैकी चार 'द'ची होती. तो अजून नाही समजून राहिला. एका पेपरात 'टू हॉस्पिटल' बरोबर होतं, दुसऱ्यात 'टू द हॉस्पिटल'. परवा आईला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं, तेव्हापासून डोक्यात तेच आहे. मी काय म्हणायचं?

निवृत्त मास्तर, वर्धा

ज्याला उपचार घ्यायचे तो 'टू हॉस्पिटल'. जो सोबत गेला तो 'टू द हॉस्पिटल', म्हणजे नुसता त्या इमारतीत. शाळेचंही तसंच: पोरगं शिकायला 'टू स्कूल', बाप दाखला आणायला 'टू द स्कूल'. ही ब्रिटिश धाटणी आहे, आपले पेपर बहुधा तीच धरतात. तेव्हा आई 'टू हॉस्पिटल' आणि तुम्ही 'टू द हॉस्पिटल'.

आता बऱ्या आहेत ना त्या?

मूळ धागाकर्ता

हो, बरी आहे. नुसती शुगर वाढली होती. आज सकाळी पुन्हा वेचणीला गेली, ऐकत नाही.