बॅटरीवरची चेन-सॉ घरच्या लाकडांना पुरते का? (अनुभव धागा)

वादळात मागच्या अंगणातलं झाड आडवं झालं. बारीक फांद्या कुऱ्हाडीने नि हातकरवतीने उरकल्या पण बुंधा आणि दोन जाड फांद्या तशाच पडून आहेत, सगळ्यात जाड जागी वीत आणि वर चार बोटं भरेल. वर्षातून चारदा वापरायला पेट्रोलवाली नको वाटते, आणि बॅटरीवाली म्हटलं की निम्मे लोक खेळणं म्हणून हसतात. ज्यांनी खरंच वापरलीय त्यांनीच लिहा प्लीज, व्हिडिओ बघून नको.

*

तीन वर्षं वापरतोय, ३६ व्होल्ट, १४ इंची बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी). तुमच्या कामाला आरामात पुरेल. प्रश्न ताकदीचा नाहीच, बॅटरी किती वेळ टिकते त्याचा आहे. माझी ५ अँपिअर-अवरची आहे म्हणजे १८० वॅट-अवर, आणि करवत जोर लावते तेव्हा दीडेक किलोवॅट ओढते असं धरलं तर सलग सात-आठ मिनिटं. ऐकायला कमी वाटतं, पण पेट्रोलसारखी मधे उगाच सुरू राहत नाही ना, बोट सोडलं की बंद, त्यामुळे त्या सात मिनिटांत वीतभर जाडीचे तीस-चाळीस काप होतात. तोवर माझीच कंबर धरते. दुसरी बॅटरी मात्र सोबतच घ्या.

*

मी दोन महिने बॅटरीला शिव्या घातल्या. जोर लावून दाबावं लागायचं, करवत गरम होऊन आपोआप बंद पडायची, काप वाकडा जायचा. मग एका सुताराने खाली पडलेला भुसा चिमटीत घेतला आणि म्हणाला, हे बघा, पीठ पडतंय, चेन बोथट आहे. धारेची चेन असेल तर ढलप्या पडतात, पीठ नाही. मीच एकदा ओंडका जमिनीवर ठेवून आरपार कापताना टोक मातीत घातलं होतं, तेवढं पुरतं. माझ्या चेनला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, प्रत्येक दाताला सारखेच तीन-चार हात मारायचे. आता स्वतःच्या वजनाने खाली उतरते. पेट्रोलवाल्यात जादा ताकद असते म्हणून बोथट चेनही रेटून नेते, बॅटरीवाली लगेच सांगते.

*

उलट मत देतो. माझ्याकडे दोन्ही आहेत. दोन फुटी बुंधे आणि दिवसभराचं सरपण असेल तर बॅटरीचं नाव काढू नका. पण खरं सांगू का, गेल्या वर्षी पेट्रोलवाली बाहेरच काढली नाही. लिटरला २० मिली ऑइल मोजून टाका, महिनोन्‌महिने पडून राहिली की कार्ब्युरेटर चोंदतो, मग अर्धा तास दोरी ओढत बसा. घरच्या कामाला एवढं कोण करतं.

*

ड्रिलची १८ व्होल्टची बॅटरी घरात होती म्हणून त्याच कंपनीची छोटी करवत आणली (डब्यावर २० लिहिलंय, भुलू नका, पूर्ण चार्ज असतानाचा आकडा असतो तो, चीज तीच). मनगटाएवढ्या फांद्यांना झकास, मांडीएवढ्या ओंडक्याला रडते. कडाक्याच्या थंडीत तर बॅटरी निम्म्यात मान टाकते, घरात उबेला ठेवून ऐनवेळी लावायची.

*

चेन ऑइल बॅटरीवालीलाही लागतं!! टाकी भरून फळीवर ठेवली, सकाळी खालच्या सगळ्या खोक्यांवर तेल. सगळ्या जवळजवळ गळतातच म्हणे. आता रिकामी करून ठेवते.

*

आवाज कमी म्हणून धाक वाटत नाही हा माझ्या मते सगळ्यात मोठा दोष. फांदी कापताना बारच्या टोकाचा वरचा भाग मागच्या ओंडक्याला लागला आणि करवत उसळून थेट तोंडाकडे आली, हाताच्या पुढच्या गार्डने ब्रेक लागला म्हणून आज हे टाइप करतोय. मुकाट पडलेली असते म्हणून चेन नीट करायला हात घालतो आपण, आणि चुकून बटण दाबलं तर? आधी बॅटरी काढायची, मगच चेनला हात. बूट-गॉगल तर हवेतच, पायाला चेन अडवणारी पँटही घ्या.

*

धागाकर्ता परत आलोय. ३६ व्होल्टची घेतली, १४ इंची, बॅटऱ्या दोन. पहिल्याच ओंडक्यात बार अडकला, दोन्ही टोकं टेकलेली आणि मी वरून खालपर्यंत कापत सुटलो, मधे लाकूड खचून काप मिटला. बॅटरी काढली, काप उघडायला पाचर ठोकली तेव्हा सुटला. नंतर वरून एक तृतीयांश आणि उरलेलं खालून असं केलं तर लोण्यासारखं. जाड बुंध्याचे सहा काप बाकी होते तेव्हा दुसरी बॅटरीही संपली, ते उद्या.